डावा मधला पाय

चिखली
८ ऑगस्ट २०२४

बुद्धरत्न,

डावा मधला पाय अजून थांबतो.

मी त्याचा सांधा फिरवणारा सर्व्हो बदलला. तू डब्यात जपून ठेवलेला नवा, धातूच्या गिअरचा, तोच बसवला. थरथर गेली. पण आता पाय जागेच्या थोडा पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे, आणि मग कुठेतरी स्थिर होतो. तोवर बाकीचे पाच पाय वाट बघत उभे. आपला यांत्रिक खेकडा पहिल्यापेक्षाही हळू चालतो. तुझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पायासाठी तीन आकडे आहेत. त्यातला कोणता कमी करायचा ते मला कळत नाही. मी त्यांना हात लावलेला नाही. तू सांगितलंस तर लावेन.

फोन लागत नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास हे माहीत आहे, तरी अधूनमधून लावून बघतो. म्हणून पत्र. होसूरचा पत्ता नीलावहिनींनी दिला नाही. तुझी सोल्डर गन परत द्यायला मी संत तुकाराम नगरला तुझ्या घरी गेलो होतो. टेबलावर तुला पाठवायचं पार्सल बांधून ठेवलं होतं. त्या आत गेल्या तेवढ्यात मी पत्ता वाचला आणि जिन्यात येऊन लिहून घेतला.

कंपनीत ठीक आहे. दुसऱ्या शेडमध्ये नवी लाइन आली, तिचं मेंटेनन्स माझ्याकडे दिलं. चाकणच्या बसमध्ये तुझ्या जागेवर आता कोणीही बसतं.

मार्चमध्ये जे झालं ते व्हायला नको होतं. मलाही वाईट वाटलं.

आकड्यांचं तेवढं कळव. पोस्टकार्ड चालेल.

ज्योतीराम


चिखली
२९ ऑगस्ट २०२४

बुद्धरत्न,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पोस्टमन दोनदा गल्लीत दिसला तेव्हा मी जिना उतरून खाली जाऊन उभा राहिलो.

मागच्या पत्रातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. 'जे झालं ते.' जणू वाऱ्याने शेडचा पत्रा उडाला.

काल कंपनीत कस्टमरची व्हिजिट होती. तुला यात नवीन काही नाही, तरी लिहितो. तीन नंबरच्या स्टेशनवरचा सेन्सर आठवडाभर बिघडलेला. पार्ट नीट बसला तरी 'बसला नाही' म्हणतो आणि लाइन थांबते. नवा यायला दहा दिवस. मॅनेजर सकाळीच आले. म्हणाले, "ज्योतीराम, आज थांबायला नको." एवढंच म्हणतात. कसं, ते कधी सांगत नाहीत. मी सेन्सरची तार सोडवली, तिच्या जागी दुसरी जोडली आणि पॅनलच्या मागे उभा राहिलो. पार्ट बसला की डोळ्यांनी बघायचं, बटण दाबायचं. लाइन पुढे. पाहुणे समोरून गेले. एकाने विचारलं, "फुल्ली ऑटोमॅटिक?" मॅनेजर म्हणाले, "येस सर." पॅनलच्या खालून त्यांना माझे बूट दिसले असतील.

संध्याकाळी मॅनेजरनी खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत तो हात पुष्कळदा आला. माणसं बदलली, हात तोच. मला त्यात कधी खोटं वाटलं नाही. आमच्यात त्याला काम येणं म्हणतात. ज्याला येत नाही तो व्हिजिटच्या दिवशी रजा टाकतो.

तू कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर होतास, म्हणजे पॅनलच्या पुढच्या बाजूला. एका व्हिजिटनंतर तू मला विचारलं होतंस, "भाऊ, सेन्सर खोटं बोलायलाय का आपण?" मी हसलो. तूही हसलास. नंतर तू जेवणाचा डबा उघडलास आणि विषय संपला.

गेल्या गुरुवारी सुट्टी होती म्हणून मंडळात गेलो. चिंचवडचा तोच हॉल, छंद म्हणून यंत्रं करणारी तीच पंधरा-वीस माणसं, चार-पाच नवे विद्यार्थी. तुझा विषय निघाला. मी काढला नाही. अध्यक्षांच्या खुर्चीतून रंगराव म्हणाले, "त्ये बोर्ड कुणी बसवलं, कशाला बसवलं, आता उकरून उपेग न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली.

ज्योतीराम


चिखली
१९ सप्टेंबर २०२४

बुद्धरत्न,

ते बोर्ड मी बसवलं.

लिहायला बसलो की हात दुसरीकडे वळतो, म्हणून सगळं क्रमाने लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो. नाहीतर मधलं गाळेन.

दोन वर्षं, दर गुरुवारी, लेथच्या वर्कशॉपवरच्या या खोलीत आपण खेकडा करत होतो. सहा पाय, अठरा सर्व्हो. सांगाडा माझा, डोकं तुझं. बाजारात मिळणारा छोटा सर्व्हो हुकूम ऐकतो. इतके अंश फिर म्हटलं की फिरतो. पोचलो की नाही ते मात्र सांगत नाही. ते त्याच्या पोटात कळतं, तिथल्या कोन मोजणाऱ्या छोट्या पॉटला, पण बाहेर येत नाही. तू अठराच्या अठरा उघडलेस. प्रत्येकाच्या पॉटला केसासारखी एक जास्तीची तार जोडून बाहेर काढलीस. चार महिने लागले. तेव्हापासून खेकडा आधी विचारायचा, पाय टेकला का? टेकला म्हटल्यावरच पुढचा उचलायचा. पुण्यातून बघायला आलेला एक प्राध्यापक बराच वेळ खाली वाकून बसला होता. उठल्यावर त्याने हात तुझ्याशी मिळवला, माझ्याशी नाही. ते मी विसरलो नव्हतो. हेही आजच लिहितोय.

फेब्रुवारीत मंडळाची स्पर्धा. आदल्या दिवशी सकाळी चाचणी घेतली. डाव्या मधल्या पायाचा पॉट झिजला होता. पाय टेकायचा, पण तार सांगायची, टेकला नाही. खेकडा उतारावर चार वेळा थांबला. प्रत्येक थांबण्याला गुण कापतात. तुझी आठवडाभर दुसरी शिफ्ट होती, नवा सर्व्हो बसवून सगळे आकडे पुन्हा जुळवायला वेळ नव्हता.

तू म्हणालास, "थांबू दे."

मी म्हणालो, "पहिला नंबर जाईल."

"जाईल तर जाईल की. तिसरा येतो. आपला पाय कुठंय ते कळंना तर उभंच राहावं माणसानं."

"माणूस नाही, मशीन आहे राव."

"मग तर अजूनच."

तू डबा घेऊन बस पकडायला गेलास. मी रजेवर होतो. प्रमुख पाहुणे म्हणून आमचे मॅनेजर येणार होते आणि मी लाइनवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काय सांगितलं होतं ते आठवतं. 'पहिला आमचाच.'

दुपारी मी पिंपरीच्या बाजारातून काडेपेटीएवढा रिले आणला, मोटरसायकलच्या अलार्मला असतो तसला रिमोट आणला. बॅटरीच्या खाली बोर्ड चिकटवलं. खिशातलं बटण दाबलं की त्या पायाची खरी तार तुटायची आणि तिच्या जागी मी जुळवून ठेवलेलं व्होल्टेज जायचं. प्रोग्रामला वाटायचं, टेकला. सगळं दीड तासात झालं. हाताला सवय होती. चहा पिताना मला आपण काही वाईट केलं असं वाटलं नाही. पाहुणे येणार होते, मशीन थांबायला नको होती.

स्पर्धेत रिमोट चालत नाही. तो नियम मी वाचला होता.

उतारावर मी चार वेळा बटण दाबलं. तू ट्रॅकशेजारी गुडघ्यावर बसून पावलं मोजत होतास. चौथ्या वेळी तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस आणि हसलास. मीही हसलो. बोट बटणावर होतं.

पहिला नंबर आला. परत येताना तू विचारलंस, "आज का नाही थांबला?" मी म्हणालो, "चालून चालून मोकळा झाला असेल." तू म्हणालास, "पॉट असा मोकळा होत नाही. उघडून बघू." मी म्हणालो, पुढच्या महिन्यात मंडळात मुलांना दाखवायचा आहे, तोवर उघडू नको, तारा हलतील. तू ऐकलंस. माझं तू ऐकायचास.

ते बोर्ड काढून टाकायला मला तीन आठवडे होते. काढलं नाही. मुलांसमोर पुन्हा थांबला असता.

चौदा मार्चला रंगरावांनी मुलांना आतलं दाखवायला झाकण उघडलं. "हे काय हाय? रिले? रिमोटचा?"  ते तुझ्याकडे वळले. "बुद्धरत्न, ह्यो काय प्रकार?" तू बोर्डाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. धनेश मागून म्हणाला, "प्रोग्राम तोच लिहितो ना काका. अजून कोणाचा असणार?" रंगरावांनी मला विचारलं, "ज्योतीराम, तुला ठाऊक व्हतं?"

मी म्हणालो, "वायरिंगमधलं मला एवढं कळत नाही. ते सगळं तोच बघतो."

दोनशे पॅनल ज्याच्या हाताखालून गेली तो माणूस हे बोलला. मी घाबरलो होतो.

 तुझे स्क्रू ड्रायव्हर एकेक करून पिशवीत भरलेस. त्यात माझा एक होता. तो तेवढा काढून टेबलावर ठेवलास.

मोशीच्या ट्रेनिंग सेंटरने तुला शिकवायला घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्यांनी मंडळाकडे विचारलं. रंगरावांनी जे बघितलं ते सांगितलं. मेमध्ये कंपनीने तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. तू कामासाठी होसूरला गेलास, वहिनींची हॉस्पिटलची नोकरी इथे, म्हणून त्या इथेच राहिल्या. हे सगळं मला पहिल्यापासून माहीत आहे आणि मी तुला पायाचे आकडे विचारत होतो.

ज्योतीराम


चिखली
२६ सप्टेंबर २०२४

बुद्धरत्न,

एक गाळलं.

तू हॉलमधून गेल्यावर आम्ही पाच जण खाली चहाला गेलो. धनेश म्हणाला, "राव, तू सुटलास. मला तर पहिल्यापासून डाउट होता."

कसला, हे मी विचारलं नाही.

तो म्हणाला, "भावा, ही लोकं…" आणि कपात फुंकर मारली. वाक्य पुरं केलं नाही. कोणी पुरं करायला सांगितलंही नाही. एकाने टपरीवाल्याकडे खारी मागितली. मी चहा प्यायलो. पहिला संपल्यावर दुसरा घेतला.

तुझ्या घरी मी किती वेळा जेवलो ते तुला सांगत नाही. धनेशलाही तेव्हा सांगितलं नाही.

घाबरून बोललो असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते अर्धं आहे. ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच मला ठाऊक होतं की ते खपेल. तुझ्या जागी धनेश असता तर खपलं नसतं. लोकांनी आधी त्याला विचारलं असतं, मग मला, मग पुन्हा त्याला. तुझ्या बाबतीत एकदा पुरेल हे मला ठाऊक होतं. मी तसं ठरवून बोललो नाही. पण ठाऊक होतं.

ज्योतीराम


चिखली
१७ ऑक्टोबर २०२४

बुद्धरत्न,

नीलावहिनींचा फोन आला, येऊन जा म्हणून. मला वाटलं तुझं उत्तर असेल. नवा शर्ट घालून गेलो.

त्या ड्यूटीला निघाल्या होत्या, हॉस्पिटलच्या कपड्यात. मला बसा म्हणाल्या, स्वतः उभ्या राहिल्या.

"तुमची चार पत्रं पोचली."

"वाचली त्यानं?"

"वाचली. मला फोनवर वाचून पण दाखवली. बोर्डाचं, चहाचं, सगळं."



"काय म्हणाला?"

"म्हणाले, ज्योतीराम अजून मलाच सांगायलाय."

त्यांनी पिशवीत डबा ठेवला, पाण्याची बाटली ठेवली.

"एक विचारू? त्या खेकड्यावर किती माणसं काम करत होती?"

"दोघंच."

"मग बोर्ड यांनी बसवलं नाही हे यांना माहीत होतं की नव्हतं?"

"होतं."

"म्हणजे राहिलं कोण? ज्यांना माहिती आहे त्यांना तुम्ही चार-चार पानं लिहिता, तिकीट लावून होसूरला पाठवता. ज्यांना माहिती नाही ते चिंचवडला बसतात दर गुरुवारी. तुमच्या वाटेवरच आहे ते."

"वहिनी, मी…"

"रडू नका हं इथं. मला सातची बस आहे."

मी रडत नव्हतो. रडलो असतो कदाचित.

जिन्यात कुलूप लावताना म्हणाल्या, "मोशीच्या सेंटरला परत माणूस पाहिजे, जानेवारीपासून. यांनी अर्ज केलाय. विचारणा मंडळाकडेच येणार. गेल्या वेळेसारखंच सांगितलं गेलं तर हे तिकडेच राहतील. मी इथं." मग किल्ली पर्समध्ये टाकली. "तुम्हाला माहिती असावं म्हणून सांगितलं. विनंती नाही करत."

एवढ्या वेळात त्या एकदाही मला भाऊजी म्हणाल्या नाहीत.

मी तुला चारदा लिहिलं, आणि चारही वेळा पत्र पेटीत टाकून परत येताना हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणंच मी करत होतो.

ज्योतीराम


चिखली
१४ नोव्हेंबर २०२४

बुद्धरत्न,

दिवाळीत मंडळ बंद होतं म्हणून रंगरावांच्या घरी गेलो. मळ्यातलं जुनं घर पाडून त्यांनी चार मजले बांधलेत, खाली भाडेकरू. गच्चीवर बसलो. सगळं सांगितलं. रिले, बटण, माझं वाक्य.



"आरं, मला तवाच वाटलं व्हतं," ते म्हणाले. "टूलरूममधी चाळीस वर्सं काढली म्या. त्या बोर्डाचं सोल्डरिंग पॅनलवाल्याच्या हातचं व्हतं. त्याचं न्हाई."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तू का न्हाई बोललास?"

मी कठड्यावरचा रंग नखाने खरवडला. तेच पुढे म्हणाले,

"तू जुना मेंबर हायस. तुझ्या कंपनीचा म्यानेजर पाव्हणा आला व्हता. तुझं नाव निघालं असतं तर मंडळात ऱ्हायलं काय? त्यो नवा व्हता. गेला तर गेला." हे बोलून त्यांनी मान झटकली, माशी बसल्यासारखी. मग मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ. मोशीचा फोन आला की म्या सांगतो. माणूस गुणी हाय, मागं एक चूक झाली व्हती, आता सुधारलाय. मंडळानं पोटात घातलं. झालं? तुझंबी नाव न्हाई, त्याचंबी काम व्हतंय."

मी बरं म्हणालो.

खाली त्यांच्या सुनेने फराळ दिला. खाल्ला. अनारसे चांगले झालेत असंही म्हणालो. घरी येताना वाटलं, निभावलं.

आता हे लिहिताना त्यांचं वाक्य पुन्हा वाचलं. चूक झाली होती, आता सुधारलाय. हे तुझ्याबद्दल. तुला माफ करायचं ठरलं, आणि मी त्यावर अनारसा खाल्ला.

हे पत्र पाठवणार नव्हतो. पाठवतोय.

ज्योतीराम


चिखली
५ डिसेंबर २०२४

बुद्धरत्न,

आज मंडळात सांगितलं.

आधी ठरवलं होतं की लिहून न्यायचं आणि वाचून दाखवायचं. दोन कागद फाडले. लिहिलं की मी त्यात बरा दिसायला लागतो. म्हणून तसाच गेलो. अकरा-बारा जण होते आणि विद्यार्थी. रंगराव खुर्चीत. नवीन वर्षाच्या स्पर्धेचे नियम ठरत होते. रिमोटचा मुद्दा आला. धनेश हसत म्हणाला, "ह्या वेळी आधीच झाकण उघडून बघा सगळ्यांची. बुद्धरत्न पॅटर्न नको."

हशा झाला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "तो पॅटर्न माझा आहे."

रंगराव म्हणाले, "ज्योतीराम, बस खाली. आपलं बोलणं झालंय."

"झालंय. ते मोडतो."

मग सांगितलं. कुठून रिले आणला, कुठे चिकटवला, किती वेळा बटण दाबलं. मार्चमध्ये याच टेबलाशी मी काय बोललो ते शब्द न बदलता पुन्हा बोललो. कंपनीत व्हिजिटला मी पॅनलमागे उभा राहतो तेही सांगितलं, कारण त्याशिवाय हे कसं सुचलं ते कळलं नसतं. आवाज फुटेल असं वाटत होतं. फुटला नाही. कोरडा राहिला, कुठला तरी पार्ट कुठे बसतो ते सांगावं तसा.

संपलं तेव्हा मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. एकजण म्हणाला, "जिगर लागते राव." दुसऱ्याने खांद्यावर हात ठेवला. तुला खरं सांगतो, दोन-तीन सेकंद मला बरं वाटलं. टाळ्या मी थांबवल्या नाहीत.

त्या सायली नावाच्या मुलीने थांबवल्या. डिप्लोमाला आहे, मार्चमध्ये पहिल्यांदाच आली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. म्हणाली, "काका, टाळ्या कशाबद्दल?"

एकाने टाळीसाठी उचललेले हात खिशात घातले.

"मी होते त्या दिवशी," ती म्हणाली. "सरांना 'काय प्रकार' म्हणून विचारलं. मग दुसरेच बोलायला लागले. सरांचं उत्तर कोणी ऐकूनच घेतलं नाही. मी पण नाही. घरी जाऊन आईला सांगितलं, एक सर चीटिंग करताना पकडले." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नऊ महिने मी हेच सांगत होते सगळ्यांना."



रंगरावांनी इतिवृत्ताची वही मागवली. सांगायला लागले, लिहा, मागील प्रसंगी झालेल्या गैरसमजाबद्दल मंडळ…

मी म्हणालो, "गैरसमज नाही. मी खोटं बोललो, असं लिहा."

"कागदाव असं लिहीत न्हाईत."

"मोशीला हाच कागद जाणार आहे. गैरसमज म्हटलं तर ते विचारतील, कोणाचा."

रंगराव माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांचं गच्चीवरचं बोलणं तिथे काढलं नाही. काढीन असं त्यांना वाटलं असावं. शेवटी वही त्यांनी सायलीकडे सरकवली. "लिही, तो सांगतो तसं." आणि थोड्या वेळाने, टोपी काढून मांडीवर ठेवत, "त्यात मंडळाचंबी लिही. आमी काय केलं त्ये."

तेव्हा दोन वाक्यं माझी आहेत, तिसरं त्यांचं, आणि शेवटचं त्या मुलीचं. मूळ पान सोबत आहे, झेरॉक्स वहीत ठेवली. तरी इथे उतरवतो:

'दि. २२ फेब्रुवारीच्या स्पर्धेत खेकडा या यंत्रात बसवलेलं रिमोटचं बोर्ड ज्योतीराम यांनी एकट्याने, बुद्धरत्न यांना न सांगता बसवलं होतं. दि. १४ मार्चच्या सभेत ज्योतीराम त्याबद्दल खोटं बोलले. मंडळाने शहानिशा न करता ते मानलं आणि बुद्धरत्न यांच्याविषयी बाहेर चुकीची माहिती दिली, त्याबद्दल मंडळ त्यांची माफी मागत आहे. बुद्धरत्न यांचा यात कोणताही दोष नव्हता, आणि त्यांना बोलू न देता हे आम्ही सर्वांनी ठरवलं.'

अकरा सह्या आहेत. धनेशची नाही. तो म्हणाला, "भावा, मी काय बोललो होतो? काहीच नाही बोललो." मी म्हणालो, "हो. मी पण चहाच पीत होतो." तो गाडीची किल्ली फिरवत गेला.

हॉलमधून मी सरळ मोशीला गेलो. सेंटरच्या ऑफिसात प्रत दिली, पोच घेतली. तिथल्या बाईंनी उभ्या उभ्या वाचलं आणि विचारलं, "यातले ज्योतीराम कोण?" मी म्हणालो, मी. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. कागद ट्रेमध्ये टाकून वर पेपरवेट ठेवला.

मॅनेजरना अजून कळलेलं नाही. मंडळात आमच्या कंपनीचे दोघं आहेत, म्हणजे उद्या पहिल्या शिफ्टला कळेल. विचारतील, पॅनलमागचं बोललास का. बोललो म्हणेन.

जागा तुला मिळेल की नाही, त्या बाईंच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. मिळाली तर तू इकडे येशील. गुरुवारी मंडळात यावंसं वाटलं तर ये. मी नसेन. तसं मला कोणी सांगितलेलं नाही.

ज्योतीराम